नवा फोन येण्याआधी घड्याळाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका गृहस्थांच्या घरी या महिन्यात तीन फोन बदलतायत. त्यांचा स्वतःचा सॅमसंगचा फोन ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये जाणार आणि वनप्लस येणार. मनगटावर गॅलॅक्सी वॉच ६ आहे. वडिलांकडे दोन-अडीच हजारांचं ब्लूटूथ कॉलिंगचं घड्याळ आहे आणि त्यांच्या जुन्या रेडमीच्या जागी नवा फोन घ्यायचा आहे. पत्नीसाठी तिचा दुबईतला भाऊ आयफोन आणतोय, सोबत स्वतःचं वापरलेलं ॲपल वॉचही देणार आहे; तिच्या हातात सध्या गॅलॅक्सी वॉच ४ आहे. जुना डेटा जाऊ नये आणि वडिलांना त्रास होऊ नये, एवढं त्यांना हवंय.

मोबाइल आणि घड्याळं विकणं, दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घड्याळ घेऊन दुकानात येणारे बहुतेक जण जुना फोन हातातून गेल्यावर येतात. तक्रार एकच असते, ‘नव्या फोनच्या सर्चमध्ये घड्याळ दिसतच नाही हो.’ घड्याळ बिघडलेलं नसतं. घड्याळ नव्या फोनला जोडायचं म्हटलं की निम्मं काम जुन्या फोनवर करायचं असतं, आणि ते राहून गेलेलं असतं. तुम्ही आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फोन आणि घड्याळ पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्या मेमरीत जपून ठेवतात. पुढच्या वेळी काही न विचारता आपोआप जोडणी होते ती या किल्लीमुळे. नव्या फोनवर तुमचे फोटो, नंबर, ॲप्स सगळं उतरलं तरी ही किल्ली उतरत नाही. त्यामुळे घड्याळाच्या लेखी मालक अजून जुनाच फोन असतो. रेशनकार्डासारखंच आहे हे: जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याशिवाय नव्या कार्डावर चढत नाही. त्यात जुना फोन घरातच कपाटात चालू असेल, तर घड्याळ दर वेळी त्यालाच जाऊन चिकटतं आणि नव्या फोनला दिसत नाही. दुकानात मी पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘जुना फोन कुठाय?’ घरी आहे म्हणाले तर घरी फोन लावून त्याचं ब्लूटूथ बंद करायला सांगतो. कितीतरी घड्याळं तेवढ्यानंच दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट डेटाची. घड्याळातली माहिती तीन ठिकाणी असते: थोडी घड्याळात, थोडी फोनमधल्या ॲपमध्ये आणि, खातं उघडलेलं असेल तर, कंपनीच्या सर्व्हरवर. घड्याळात साधारण गेल्या काही दिवसांचंच राहतं. पावलं, झोप, हृदयाचे ठोके यांचा वर्षभराचा इतिहास फोनमध्ये किंवा सर्व्हरवर असतो. म्हणजे जुना फोन रिसेट करण्याआधी दोन खात्र्या हव्यात. घड्याळातलं सगळं ॲपमध्ये आलंय का, आणि ॲपमधलं सगळं खात्यात चढलंय का. दुसरी खात्री लोक करत नाहीत. ॲपमध्ये आकडे दिसतायत म्हणजे ते सर्व्हरवर आहेतच असं नाही.

आता तुमच्या एक्स्चेंजबद्दल. ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये नवा फोन देणारा माणूस जुना फोन त्याच वेळी घेऊन जातो. तो दारात उभा असतो, स्क्रीन तपासतो, लॉक आणि गूगल खातं काढलंय का बघतो. दोन्ही फोन शेजारी ठेवून निवांत काम करायला वेळ मिळत नाही. म्हणून डिलिव्हरीच्या आदल्या रात्री पुढचं सगळं उरकून ठेवा. जमत असेल तर मी म्हणेन एक्स्चेंज न घेता फोन घ्या आणि जुना आठवड्याभरानं दुकानात द्या. थोडे पैसे कमी मिळतील, पण दोन्ही फोन हाताशी असले की फोन बदलताना काहीही राहून गेलं तरी परत जाऊन घेता येतं. माझा अनुभव असा की काहीतरी राहतंच.

तुमच्या गॅलॅक्सी वॉच ६ चं काम तिघांत सोपं आहे. २०२३ मध्ये आलेलं हे घड्याळ वेअर ओएस ४ वर, म्हणजे घड्याळांसाठीच्या गूगलच्या प्रणालीवर निघालं, आणि याच आवृत्तीपासून घड्याळ पूर्ण न पुसता नव्या फोनला नेण्याची सोय आली. त्याआधी वेअर ओएसचं कुठलंही घड्याळ दुसऱ्या फोनला जोडायचं तर फॅक्टरी रिसेट करावंच लागायचं. जुनी फॉसिलची घड्याळं वापरणाऱ्यांना ते आठवत असेल. आता घड्याळाच्याच सेटिंग्जमध्ये, ‘जनरल’ विभागात, घड्याळ नव्या फोनकडे नेण्याचा पर्याय असतो. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार त्याचं नाव थोडं इकडेतिकडे होतं.

आदल्या रात्री जुन्या फोनवर इतकं करा. घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट असेल तर ते आधी होऊ द्या. सॅमसंग हेल्थ उघडा, सेटिंग्जमध्ये सॅमसंग खात्याशी सिंक चालू आहे ना ते पाहा, आत्ताच सिंक करायला सांगा आणि शेवटच्या सिंकची वेळ तपासा. ती वेळ आत्ताची दिसली पाहिजे. मग सॅमसंग खात्याचा पासवर्ड खरोखर आठवतोय का ते बघा. फोनमध्ये वर्षानुवर्षं लॉगिन असल्यामुळे पासवर्ड कधी टाकावाच लागत नाही आणि नेमका या दिवशी तो आठवत नाही. त्यातच दुहेरी पडताळणी चालू असेल, तर नव्या फोनवर लॉगिन करताना जुन्या फोनवर परवानगी मागितली जाऊ शकते, आणि जुना फोन तर कुरिअरच्या पिशवीत गेलेला असतो. म्हणून पडताळणीसाठी तुमचा चालू मोबाइल नंबर नोंदलेला आहे ना, ते आजच बघून घ्या. गूगल खात्याचंही तसंच.

नव्या वनप्लसवर प्ले स्टोअरमधून गॅलॅक्सी वेअरेबल ॲप घ्या. ते तुमच्या मॉडेलसाठी आणखी एक छोटं ॲप उतरवायला सांगेल, सॅमसंग सोडून इतर फोनवर जास्तीचं एखादं ॲपही मागेल. सगळ्यांना हो म्हणा. सॅमसंग हेल्थ वेगळं उतरवा. तेच सॅमसंग खातं, तेच गूगल खातं नव्या फोनवर आधी टाका आणि मगच घड्याळावरून नव्या फोनकडे जाण्याचा पर्याय निवडा. खातं वेगळं निघालं तर घड्याळ पुसण्याशिवाय गत्यंतर नसतं. घड्याळाची बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या. चार्जरवर ठेवूनच हे काम करावं, हे उत्तम.

समजा तरीही जमलं नाही, अर्ध्यावर अडकलं, तर घाबरू नका. घड्याळ फॅक्टरी रिसेट करून नव्यानं जोडा. टाइल्स (स्क्रीन बाजूला सरकवल्यावर दिसणारी माहितीची पानं), घड्याळाचा चेहरा, अलार्म पुन्हा मांडावे लागतील, त्यात अर्धा-पाऊण तास जाईल. पण सॅमसंग हेल्थचा इतिहास खात्यात असेल तर लॉगिन केल्यावर तो परत येतो. तुमचं मॉडेल एलटीईचं, म्हणजे स्वतःचं मोबाइल नेटवर्क असलेलं असेल आणि त्यात जिओ किंवा एअरटेलचं ई-सिम असेल, तर रिसेट करताना मोबाइल प्लॅन ठेवायचा की काढायचा असं विचारलं जातं. तेच घड्याळ तुम्हीच वापरणार असाल तर ठेवा. काढलंत तर कंपनीकडून ई-सिम पुन्हा घालून घ्यावं लागतं आणि त्यात एखादा दिवसही जाऊ शकतो.

एक गोष्ट फोन मागवण्याआधी विचारात घ्या, कारण नंतर कळली की वाईट वाटतं. गॅलॅक्सी वॉचवरचं ईसीजी आणि रक्तदाब मोजणं ज्या सॅमसंग हेल्थ मॉनिटर ॲपवर चालतं, ते सॅमसंगच्याच फोनवर चालतं. वनप्लसवर गेल्यावर या दोन्ही सोयी अधिकृतपणे मिळणार नाहीत. घड्याळावरून फोनचा कॅमेरा चालवण्याची सोयही जाईल. पावलं, झोप, ठोके, व्यायाम, नोटिफिकेशन, कॉल हे सगळं चालू राहील. तुम्ही ईसीजी खरोखर वापरत असाल, डॉक्टरांना दाखवत असाल, तर सॅमसंगचाच फोन घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्या सुविधेची काही तिरपागडी ॲप्स इंटरनेटवर मिळतात, पण हृदयाच्या बाबतीत असल्या जुगाडावर विसंबू नये.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगावं लागेल. वेअर ओएसच्या घड्याळावर २०२३ पासून व्हॉट्सॲपचं स्वतंत्र ॲप आहे, आणि ते फोनच्या खात्याला ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून जोडलेलं असतं. तुम्ही नव्या फोनवर नंबर नोंदवलात की आधी जोडलेली सगळी डिव्हाइस, म्हणजे ऑफिसचा कॉम्प्युटर काय आणि घड्याळ काय, बाहेर पडतात. घड्याळावर व्हॉट्सॲप उघडून आठ अक्षरांचा कोड दिसेल तो फोनमध्ये टाकला की पुन्हा चालू. घड्याळ नीट जोडलंय तरी व्हॉट्सॲप गप्प का, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

आता वडिलांचं घड्याळ. किमतीनं सगळ्यात स्वस्त, पण सगळ्यात जास्त डोकं खाणारं हेच आहे, आणि दुकानात रोज येतात तीही हीच. नॉइज, बोट, फायर-बोल्ट, फास्ट्रॅक आणि नावही न वाचता येणारे कितीतरी ब्रँड. कंपनी कुठलीही असो, आतलं काम साधारण एकसारखं असतं.

ब्लूटूथ कॉलिंगच्या घड्याळात बहुधा दोन वेगळ्या जोडण्या असतात, हे बॉक्सवर कुणी लिहीत नाही. एक जोडणी ॲपमधून होते. ती कमी वीज खाणारी, तिच्यावरून पावलं, झोप, नोटिफिकेशन जातात. दुसरी हेडफोनसारखी आवाजाची जोडणी. तिच्यावरून कॉल चालतात, आणि ती फोनच्या ब्लूटूथ यादीत वेगळी दिसते, कधी त्याच नावानं, कधी नावापुढे काही अक्षरं लागून. लोक ॲपमधून घड्याळ काढतात, पण ही दुसरी तशीच राहते. मग नव्या फोनवर पावलं दिसतात, कॉल मात्र जुन्या फोनचाच वाजतो. किंवा उलट होतं: ब्लूटूथच्या यादीतून थेट जोडलं, कॉल येतात, पण ॲप म्हणतं घड्याळ सापडत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. जुन्या रेडमीवर आधी ॲप उघडून सिंक होऊ द्या. मग ॲपच्या आतूनच घड्याळ काढा. ‘अनपेअर’, ‘अनबाइंड’ किंवा ‘रिमूव्ह डिव्हाइस’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ॲप नुसतं डिलीट करणं म्हणजे घड्याळ काढणं नव्हे. काही ब्रँडची घड्याळं खात्याला बांधलेली असतात. अमेझफिट आणि शाओमीच्या घड्याळांत हे प्रकर्षानं दिसतं, तिथं जुन्या खात्यातून न काढता दुसऱ्या खात्यानं जोडायला गेलं की नकार येतो. ॲपमधून काढल्यावर फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये जा आणि त्या घड्याळाच्या जितक्या नोंदी असतील तितक्या ‘फरगेट’ करा. शेवटी जुन्या फोनचं ब्लूटूथच बंद करून टाका. ॲपमधून काढताना बरीच घड्याळं स्वतःला पुसून घेतात, ते ठीक आहे.

पण हे करण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. एक, जुन्या फोनवर नेमकं कुठलं ॲप होतं. एकाच ब्रँडची वेगवेगळी मॉडेल्स वेगवेगळ्या ॲपवर चालतात, आणि ब्रँडचं नाव प्ले स्टोअरमध्ये टाकून पहिलं दिसेल ते उतरवलं की घड्याळ सापडत नाही. ॲपच्या चिन्हाचा फोटो काढून ठेवला तरी चालेल. दोन, त्या ॲपमध्ये लॉगिन कशानं केलं होतं: मोबाइल नंबरानं, गूगलनं की पाहुणा म्हणून. वडिलांचं घड्याळ दुकानदारानं किंवा घरातल्या मुलानं जोडून दिलेलं असतं, आणि घाईत ‘स्किप’ दाबून पुढे गेलेले असतात. तसं असेल तर सगळा इतिहास त्या फोनमध्येच आहे आणि फोन रिसेट केला की गेला. ॲपमध्ये आत्ता खातं उघडून सिंक करता येत असेल तर आधी ते करा. नसेल तर वडिलांना विचारा, त्यांना त्या आकड्यांची गरज आहे का. बऱ्याच जणांना नसते, आणि मग एवढा खटाटोप करायची गरजच नाही.

घड्याळावर क्यूआर कोड दिसतो तो स्कॅन करून ॲप उतरवायची सवय असते. कोड प्ले स्टोअरवर नेत असेल तर हरकत नाही. पण एखाद्या वेबसाइटवरून थेट फाइल उतरवायला सांगत असेल तर थांबा. एकतर ते सुरक्षित नाही. शिवाय अँड्रॉइड १३ पासून असं बाहेरून बसवलेल्या ॲपला नोटिफिकेशन वाचायची परवानगी सहज मिळत नाही, तो पर्याय फिकट होऊन अडवलेला दिसतो. तेच ॲप प्ले स्टोअरमधून घेतलं की हा अडथळा येत नाही.

नव्या फोनवर ॲप उघडल्यावर परवानग्यांचा पाऊस पडतो आणि वडीलधारी माणसं घाबरून सगळ्यांना ‘नाही’ म्हणतात. कुठली परवानगी कशाला लागते ते सांगतो. अँड्रॉइड १२ पासून घड्याळ शोधायला ‘जवळपासची डिव्हाइस’ ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ शोधासाठी लोकेशन द्यावं लागायचं, आणि काही ॲप्स अजूनही मागतात. कॉल आणि संपर्कांची परवानगी दिली नाही तर घड्याळावर नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. नोटिफिकेशनची परवानगी सेटिंग्जमध्ये वेगळ्या ठिकाणी असते आणि ती देताना फोन जरा दमदाटीच्या भाषेत इशारा देतो. इशारा खराच आहे, हे ॲप तुमचे सगळे संदेश वाचू शकतं, बँकेच्या ओटीपीसह. म्हणून मी ॲपमध्ये निवड करून फक्त कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप तेवढं घड्याळावर येईल असं ठेवून देतो. ज्या ॲपची कंपनीच ओळखीची नाही त्याला तर ही परवानगी न दिलेली बरी. पावलं आणि कॉल तिच्याशिवायही चालतात.

आणि मग ती नेहमीची तक्रार, ‘सकाळी चालू होतं, संध्याकाळपर्यंत घड्याळ तुटलं.’ यात घड्याळाचा दोष फार कमी वेळा असतो. फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप्स झोपवतो. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये त्या ॲपसाठी ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावं लागतं. ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लसमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ॲपला मागे चालायची मुभा द्यावी लागते. सॅमसंगमध्ये ते ‘स्लीपिंग ॲप्स’च्या यादीतून काढावं लागतं. जुन्या फोनवर हे कुणीतरी कधीतरी केलेलं असतं, आठवत नसतं. नव्या फोनवर सगळं पहिल्यापासून. तुमच्या वनप्लसवर गॅलॅक्सी वेअरेबलसाठीही हे करायला विसरू नका.

वडिलांसाठी आणखी एक. आवाजाची जोडणी झाली की फोनवर लावलेलं भजन किंवा यूट्यूबचा आवाज अचानक घड्याळाच्या चिमुकल्या स्पीकरमधून यायला लागतो आणि फोनचा स्पीकर गेला असं त्यांना वाटतं. फोनच्या ब्लूटूथ यादीत घड्याळाच्या नावापुढचं चिन्ह दाबा. तिथं कॉलचा आवाज आणि मीडियाचा आवाज अशी दोन बटणं असतात. मीडियाचं बंद करा, कॉलचं राहू द्या. घड्याळातले आवडते नंबर ॲपमधून पुन्हा पाठवावे लागतात, ते तुमच्या हातानं करून द्या. आणीबाणीचा नंबर ठेवायची सोय असेल तर तोही भरा आणि त्यांच्यासमोर एकदा लावून बघा. मराठी संदेशांच्या जागी चौकोन दिसले तर जोडणी पुन्हापुन्हा तोडत बसू नका. घड्याळाच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अक्षरं नसल्याचं ते लक्षण आहे. ॲपमध्ये घड्याळाचं अपडेट आहे का तेवढं पाहा.

राहिल्या वहिनी. त्यांच्या बाबतीत आधी वाईट बातमी: गॅलॅक्सी वॉच ४ आयफोनला जोडता येणार नाही. २०२१ मध्ये सॅमसंगनं टायझन ही आपली घड्याळांची जुनी प्रणाली सोडून वेअर ओएस घेतलं, आणि वॉच ४ पासून पुढची गॅलॅक्सी वॉच आयफोनबरोबर चालत नाहीत. त्याआधीची, म्हणजे वॉच ३ किंवा ॲक्टिव्ह २ सारखी टायझनवाली, चालायची, म्हणून लोकांचा गैरसमज होतो. ॲपल वॉचचंही उलट तेच: ते अँड्रॉइडला जोडता येत नाही. दोन्हीकडे चालणारी घड्याळं हवी असतील तर गार्मिन, अमेझफिट अशांकडे जावं लागतं. गार्मिनचा इतिहास तर गार्मिन कनेक्ट खात्यात राहतो. नव्या फोनवर लॉगिन करून जोडलं की झालं, मग फोन कुठलाही असो. फोनची जात वारंवार बदलणाऱ्याला मी नेहमी याच बाजूला वळवतो.

वहिनींचा जुना इतिहास ॲपल वॉचमध्ये जसाच्या तसा ओतता येणार नाही. पण तो हवा असेल, विशेषतः पाळीच्या नोंदी किंवा वजन, तर सध्याच्या फोनवर सॅमसंग हेल्थच्या सेटिंग्जमध्ये वैयक्तिक डेटा डाउनलोड करण्याचा पर्याय आहे. त्यातून एक्सेलमध्ये उघडतील अशा फाइल्स मिळतात. त्या ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. डॉक्टरांनी कधी मागच्या तारखा विचारल्या तर कामाला येतील.

आता मेहुण्यांच्या ॲपल वॉचबद्दल, आणि इथं घाई आहे. ॲपल वॉच मालकाच्या ॲपल खात्याला कुलूपबंद असतं. त्यांनी दुबईत घड्याळ नुसतं घड्याळावरूनच पुसून तुमच्या हातात दिलं, तर ते इथं आल्यावर त्यांचाच पासवर्ड मागेल, कारण घड्याळावरून पुसल्यानं हे कुलूप निघत नाही. ते निघतं त्यांच्या आयफोनवरून अनपेअर केल्यावर. फोन आणि घड्याळ जवळ ठेवून वॉच ॲपमध्ये त्या घड्याळापुढचं माहितीचं चिन्ह दाबायचं, ‘अनपेअर ॲपल वॉच’ निवडायचं, ॲपल खात्याचा पासवर्ड टाकायचा. काही मिनिटांत होतं. घड्याळ सेल्युलर असेल तर त्यांना तिथला प्लॅन काढून टाकायला सांगा. आणि समजा ते आधीच निघालेत, घड्याळ तसंच बॅगेत आहे, तरी मार्ग आहे: आयक्लाउडच्या वेबसाइटवर लॉगिन करून ‘फाइंड डिव्हाइसेस’मधून ते घड्याळ पुसून खात्यातून काढून टाकता येतं. पण ते मेहुण्यांनीच करायला हवं. त्यांचा पासवर्ड तुम्ही मागू नका, त्यांनीही देऊ नये.

घड्याळ मोकळं झालं की वहिनींच्या आयफोनवर सरळ जोडलं जाईल, पण आयफोनचं सॉफ्टवेअर आधी अपडेट करा. घड्याळाचं सॉफ्टवेअर फोनपेक्षा पुढचं असेल तर फोन ते स्वीकारत नाही. भाऊ जुना आयफोन आणत असेल तर मॉडेल विचारा: वॉचओएस ११ (वॉचओएस म्हणजे ॲपल वॉचचं सॉफ्टवेअर) असलेल्या घड्याळाला आयफोन एक्सएस, एक्सआर किंवा त्यापुढचा लागतो, आणि वॉचओएस २६ ला आयफोन ११ किंवा त्यापुढचा. हे आधी विचारलेलं बरं, नाहीतर घड्याळ आणि फोन दोन्ही चांगले असूनही जमायचं नाही.

पुढे कधी वहिनी आयफोन बदलतील तेव्हाचंही आत्ताच सांगून ठेवतो, कारण ॲपलनं हे काम बरंच सोपं केलंय. जुना आणि नवा आयफोन शेजारी ठेवून सेटअप करताना नवा फोन स्वतःच विचारतो, हे घड्याळ या फोनबरोबर वापरायचं का, हो म्हणायचं. विचारलं नाही किंवा अडकलं, तर जुन्या आयफोनवरून अनपेअर करायचं. अनपेअर करताना घड्याळाचा बॅकअप आपोआप त्या फोनवर होतो, आणि फोनच्या बॅकअपमधून तो नव्यावर जातो. म्हणून आधी अनपेअर, मग फोनचा बॅकअप, मग नवा फोन. आरोग्याचा डेटा आयक्लाउडमध्ये जायला हवा तर आयक्लाउडच्या सेटिंग्जमध्ये ‘हेल्थ’ चालू असलं पाहिजे. कॉम्प्युटरवर बॅकअप घेत असाल तर तो एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डनं कुलूपबंद असावा लागतो, साध्या बॅकअपमध्ये हेल्थ येत नाही. घड्याळाचा पासकोड, ब्लूटूथचे हेडफोन आणि ॲपल पेची कार्डं मात्र कुठल्याच बॅकअपमध्ये नसतात. इथं ॲपल पेचा प्रश्न येत नाही, पण परदेशात राहणाऱ्या वाचकांनी कार्डं नव्यानं टाकायची तयारी ठेवावी.

वहिनींच्या गॅलॅक्सी वॉच ४ चं शेवटी काय करायचं ते तुम्ही ठरवा. घरात अँड्रॉइड वापरणारं कुणी असेल तर ते अजून चांगलं कामाचं घड्याळ आहे. देण्याआधी वहिनींच्या सध्याच्या फोनवर गॅलॅक्सी वेअरेबलमधून ते काढा, घड्याळाच्या सेटिंग्जमधून फॅक्टरी रिसेट करा, आणि सॅमसंग खात्याच्या डिव्हाइसांच्या यादीतूनही काढून टाका. त्याचा गोल चुंबकीय चार्जर सोबत द्या, कारण या घड्याळाला साधी टाइप-सी केबल थेट लागत नाही आणि सुटा चार्जर शोधत बाजारात फिरावं लागतं.